हाड शाबूत आहे

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर चढवली, पेनाचं टोपण एका करड्या, पिंजलेल्या जागेवर टेकवलं आणि म्हणाले, "इथं काळी, ताठ दोरी दिसायला हवी. दिसत नाही. गुडघ्यातला हा बंध, एसीएल, पूर्ण तुटलाय." माझ्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं. मनू मात्र रडली नाही. १७ वर्षांची माझी लेक, उजवा पाय समोरच्या स्टुलावर लांब करून बसली होती. तिनं फिल्मकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहिलं. आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आता पटलं ना तुला?"

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी सोसला असता, कदाचित उलट उत्तरही दिलं असतं. तिच्या आवाजात सुटका होती. आपल्या गुडघ्यातला बंध तुटलाय हे ऐकून एखाद्या पोरीला सुटल्यासारखं वाटावं, याचा विचार त्या दिवसापासून माझा पिच्छा सोडत नाही. ऑपरेशन झालं, टाके निघाले, कुबड्या माळ्यावर गेल्या, ती आता जिना एकटीनं उतरते. ते चार शब्द मात्र तिथंच आहेत. भाजी निवडताना, बसची वाट बघताना, मध्येच कधीतरी पुन्हा कानाशी येतात.

त्याआधीचे तीन आठवडे मला नीट सांगायला हवेत. मनू खो-खो खेळते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा प्रियांका इंगळेच्या संघानं अंतिम सामन्यात नेपाळला हरवलेलं तिनं मोबाइलवर किती वेळा पाहिलं त्याला गणती नाही. त्या संध्याकाळी सरावात ती संरक्षणाला होती. खांबाजवळ हुलकावणी देऊन उलटी वळली. बूट मॅटला धरून राहिला, अंग फिरलं, गुडघा मात्र अर्ध्यावर राहिला. कुणी धक्का दिला नाही, कुणी अंगावर आलं नाही. "आई, टक् असा आवाज आला. बोट मोडल्यासारखा, पण आतून," असं तिनं घरी आल्यावर सांगितलं. रात्री जेवणं होईपर्यंत गुडघा सोललेल्या नारळाएवढा झाला होता. दुसऱ्या दिवशी जवळच्या दवाखान्यात गेलो, एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो खिडकीकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "हाड शाबूत आहे. मुरगळलाय. पंधरा दिवस पट्टा बांधा, बरं वाटेल."

मला हायसं वाटलं. तेच आज मला बोचतं. हायसं वाटलं आणि मी त्या वाक्याला धरून बसले. सूज उतरली तशी ती चालायला लागली, पण म्हणायची, "जिना उतरताना गुडघा निसटतो. माझ्या पायाखालून कुणीतरी पायरी काढून घेतंय असं वाटतं." मी म्हणायचे, "चालून बघ थोडी, मोकळा होईल. एक्स-रेत काही नाही निघालं ना?" बारावीचं वर्ष, सकाळी साडेसहाचा क्लास, आणि ती अंथरुणात पडून म्हणते आज पाय दुखतोय. माझ्या मनात आलं ते आलं. मी ते बोलून दाखवलं नाही, पण पोरींना आईच्या तोंडाकडे बघून कळतं. एकदा तर मी तिला बाजारातून पिशव्या घेऊन मुद्दाम चालत आणलं. फुटपाथच्या कडेवरून उतरताना ती कोसळली, पिशवीतले टोमॅटो रस्त्यावर गडगडले, आणि ती ते गोळा करत बसली. माझ्याकडे न बघता.

आणि ते वाक्य मला नवं नव्हतं.

१९९२ साली मीही १७ वर्षांची होते. आम्ही मिरजेत राहायचो, मागच्या गल्लीत सतारमेकरांची दुकानं होती, आणि मी शाळेच्या मैदानावर अनवाणी खो-खो खेळायचे. तेव्हा मॅट नव्हती. मुरूम आणि माती, सामन्याच्या आदल्या दिवशी पाणी मारून चोपलेली. त्या ओल्या मातीचा वास आजही आला की माझ्या तळव्यांना आठवण होते. जिल्हा पातळीच्या सामन्यात मी आक्रमणाला होते. खो मिळाला, उठले, खांबाकडे सूर मारायला वळले, आणि डावा गुडघा आतल्या बाजूला मुडपला. तोच आवाज. मनूनं सांगितला तोच, बोट मोडल्यासारखा. तिनं तो शब्द उच्चारला तेव्हा माझ्या मानेवर काटा आला होता, आणि तरीही मी एक्स-रेवर विश्वास ठेवला. याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

तेव्हाही एक्स-रे काढला होता. आप्पांनी सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं होतं. डॉक्टरांनी ओल्या फिल्मचं पाणी निथळू दिलं, दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "हाड शाबूत आहे." आप्पांनी हात जोडले. पुढे मी महिनाभर लंगडले, मग लंगडणं लपवायला शिकले. मैदानावर परत गेले, दोन वेळा गुडघा निसटला, दोन्ही वेळा सरांना वाटलं मी घाबरते. "मनातली भीती काढ, हाड तर शाबूत आहे." तिसऱ्या वेळी मी बाहेर बसले आणि पुन्हा आत गेले नाही. कुणीही मला खोटारडी म्हटलं नाही. फक्त कुणाला पटलं नाही, आणि हळूहळू माझंही माझ्यावरचं पटणं कमी झालं. पुढची तीस वर्षं मी "माझा गुडघा जरा नाजूक आहे" असं सांगत आले, जणू तो माझ्या स्वभावाचाच भाग आहे.

एक्स-रेवर माझा राग नाही. ८ नोव्हेंबर १८९५ला वुर्त्सबुर्गच्या प्रयोगशाळेत रॉन्टगेन यांना काळ्या पुठ्ठ्यानं झाकलेल्या नळीपासून दूर ठेवलेला पडदा चमकताना दिसला, आणि त्या डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताची प्रतिमा घेतली. हाडं आणि बोटातली अंगठी. माणसाला न कापता त्याच्या आत पाहता आलं. त्याचं पेटंटही त्यांनी घेतलं नाही, सगळ्या जगाला ते देऊन टाकलं. किती मोडलेले हात-पाय त्यामुळे सरळ जुळले असतील. पण त्या पहिल्या प्रतिमेतच सगळं सांगितलेलं आहे: हाड दिसतं, धातू दिसतो, बाकी सगळी सावली. गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधून ठेवणारे दोन बंध एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. त्यातला पुढचा तो एसीएल. हाडं एक्स-रेत स्वच्छ पांढरी दिसतात आणि ज्यानं ती बांधलीत तो बंध काळ्या पोकळीत विरून जातो. न दिसणारा आणि नसणारा यांत एक्स-रेला फरक करता येत नाही. फरक करायचा असतो तो फिल्म धरणाऱ्यानं.

माझ्या वेळी घरी आजीनं काय केलं ते सांगते. तिनं आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून लेप लावला, निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला. पाल्याच्या त्या कडवट, गरम वाफेनं माजघर भरून जायचं. पण लेप लावण्याआधी तिनं दोन्ही तळवे गुडघ्याच्या दोन बाजूंना ठेवले, डोळे मिटले, पाय जरासा हलवला आणि म्हणाली, "आत काहीतरी सुटलंय गं पोरी." तिला बंध माहीत नव्हता, काही माहीत नव्हतं. लेपानं सूज गेली, बंध जुळला नाही. लेपानं तो जुळत नसतो, हे मला आज माहीत आहे. तरी त्या सबंध वर्षात माझ्या गुडघ्याला हात लावून बोललेली ती एकटी.

मनूचे तीन आठवडे संपले ते पिशवीतल्या टोमॅटोंनी. रात्री झोप आली नाही. सकाळी उठून मी तिला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि तिथं जे पाहिलं ते मला फिल्मपेक्षाही जास्त आठवतं. डॉक्टरांनी आधीच्या एक्स-रेचं पाकीट बाजूला ठेवलं, तिला पलंगावर झोपवलं, मग विचारलं, "आवाज आला होता? सूज किती तासांत आली? निसटतो का?" ती सांगत होती आणि ते मान हलवत होते, म्हणजे ऐकत होते. मग त्यांनी गुडघा किंचित वाकवला, वीस-तीस अंश, जास्त नाही. एका हातानं मांडी घट्ट धरली, दुसऱ्या हातानं नडगी वरच्या बाजूनं पकडली आणि पुढे ओढली. एकदा. मग चांगल्या पायाला तसंच. मग पुन्हा दुखऱ्या पायाला, या वेळी डोळे मिटून. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आधी कुठंतरी पाहिलं होतं, आणि कुठं ते लगेच आठवलं. आमच्या मागच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर असेच थांबायचे. घोडीवरच्या तारेखाली सुताचा दोरा सरकवत, अंगठ्याशेजारच्या बोटानं तार छेडत, डोळे मिटून. तार कुठं बोलते आणि कुठं नुसतीच वाजते हे ते कानानं आणि बोटानं शोधायचे. डॉक्टर तेच शोधत होते. चांगल्या गुडघ्यात नडगी ओढली की एका जागी ठक्क अडते, दोर ताणला जाऊन थांबावा तशी. तुटलेल्यात ती अडत नाही. पुढे येते आणि मऊशार कुठंतरी विरते. "अडत नाहीये," ते म्हणाले. "एमआरआय करू, आणखी काय काय दुखावलंय तेही कळेल. पण हे तुटलेलंच आहे."

या ओढून पाहण्याला लॅकमन चाचणी म्हणतात. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातले जॉन लॅकमन ती शिकवायचे, आणि त्यांचे शिष्य जोसेफ टॉर्ग यांनी १९७६ साली ती लिहून प्रसिद्ध केली. मी नंतर वाचत गेले तेव्हा आणखी मागचं सापडलं. जवळजवळ हीच पद्धत, गुडघा थोडासा वाकवून नडगी पुढे ओढण्याची, जॉर्ज नूलिस नावाच्या ग्रीक माणसानं १८७५ साली पॅरिसमध्ये आपल्या प्रबंधात लिहून ठेवली होती. रॉन्टगेनच्या आधी वीस वर्षं. वीज नको, फिल्म नको, पैसे नकोत. दोन हात आणि अर्धं मिनिट.

१८७५. माझ्या गुडघ्याच्या ११७ वर्षं आधी.

हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ स्वयंपाकघरात दिवा न लावता बसले. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होते की तेव्हा यंत्रं नव्हती, एमआरआय मोठ्या शहरांत होता, आमच्यापर्यंत त्याचं नावही आलं नव्हतं, म्हणून कळलं नाही. त्यात एक समाधान होतं. काळाचा दोष, कुणाचाच नाही. पण शोध लागलेला होता. तो दुर्बिणीत नव्हता, चुंबकात नव्हता, हातात होता, आणि तो वापरायला फक्त एवढंच लागत होतं की समोरच्या पोरीला खरंच काहीतरी झालंय असं कुणाला तरी वाटावं. मनूच्या बाबतीत तर माझ्याजवळ तेही सगळं होतं. तो आवाज मला ओळखीचा होता. मी पाकिटावरचा शिक्का वाचला आणि पोरीचं ऐकलं नाही.

एमआरआयच्या दिवशी मला आत बसू दिलं. मंगळसूत्र, पिना, घड्याळ, सगळं बाहेर काढून ठेवलं. गुडघ्याचा असल्यामुळे ती पायांकडून आत सरकली, डोकं बाहेरच राहिलं, म्हणून तिचा चेहरा मला दिसत होता. कानांत बोळे. मग सुरू झालं ते ठोकणं, आधी टाक-टाक-टाक, मग भिंतीत कुणी खिळे मारावेत तसं, मग एक लांबच लांब घरघर. त्या नळकांड्याच्या पोटात उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये तारांची वेटोळी थंड ठेवलेली असतात, त्यांच्यातून वीज विरोधाशिवाय फिरत राहते आणि प्रचंड चुंबकत्व तयार होतं. आवाज येतो तो दुसऱ्या वेटोळ्यांचा, त्यांच्यातली वीज सेकंदाला कितीतरी वेळा उघडते-मिटते आणि त्या चुंबकत्वात ती थरथरतात. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर शरीरातल्या पाण्यासाठी. पाण्यातल्या हायड्रोजनचे अणुकेंद्र चुंबकात एका दिशेला वळतात, रेडिओलहरीनं जरा ढकलले की पुन्हा जागेवर येताना बारीक संदेश देतात, आणि कुठल्या पेशीजालात ते किती वेळात जागेवर आले यावरून चित्र उभं राहतं. हाडापलीकडचं, न दिसणारं, मऊ ते सगळं.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली या पद्धतीची पहिली प्रतिमा प्रसिद्ध केली ती पाण्यानं भरलेल्या दोन बारीक नळ्यांची होती. त्यानंतरच्या अगदी सुरुवातीच्या प्रतिमांत एक शिंपला आहे, जेमतेम चार मिलिमीटरचा, त्यांच्या मुलीनं समुद्रकाठी वेचलेला. मुलीच्या मुठीतून आलेला तो इवलासा जीव बापानं यंत्रात ठेवला आणि न फोडता आतून पाहिला. पुढे पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासह त्यांना २००३चं नोबेल मिळालं. रेमंड डमेडियन यांना मिळालं नाही. १९७७ साली माणसाच्या छातीचा छेद घेणारं यंत्र त्यांनी उभं केलं होतं. स्वतः आत बसून पाहिलं तर अंगापिंडानं मोठे असल्यामुळे जमलं नाही, मग एक सडपातळ सहकारी जवळजवळ पाच तास त्यात बसून राहिला. नोबेल जाहीर झाल्यावर डमेडियन यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन आपलं म्हणणं मांडलं. अनेकांना ते अशोभनीय वाटलं. मला त्या जाहिरातींची कीव करता येत नाही. लपलेलं दाखवणारं यंत्र करणाऱ्या माणसाला आपण स्वतःच कुणाला दिसलो नाही असं वाटत राहावं, हे फार दुखणारं असणार.

मनू पंचवीस मिनिटं हलली नाही. घरी ही पोर पाच मिनिटं एका जागी बसत नाही. डोळे छताकडे लावून, ओठ घट्ट मिटून ती पडून होती. मला तेव्हा वाटलं भीती वाटतेय. आता वाटतं, ती साक्ष देत होती. थोडं हललं तरी चित्र पुसट येईल आणि पुन्हा कुणी म्हणेल काही नाही निघालं, म्हणून ती श्वाससुद्धा मोजून घेत होती.

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. बाहेर बसणाऱ्यांसाठी ते म्हणजे एक बाकडं, एक पंखा आणि न संपणारा चहा. मांडीच्या मागच्या स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोन कंडरा काढून, दुमडून त्यांचा दोर केला, हाडांत बोगदे पाडून त्यातून ओवला. हे सगळं दोन लहान छिद्रांतून आणि वर कंडरा काढायला एक छोटी चीर देऊन. डॉक्टरांनी पडद्यावर नंतर दाखवलं: आतला कूर्चेचा भाग पांढराशुभ्र, ओल्या नारळाच्या खोबऱ्यासारखा. या छिद्राची कथा जपानातली. १९१८ साली तोक्योत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. तेव्हा क्षयानं गुडघे आखडायचे, आणि जिथं जेवण, पूजा, पाहुणचार सगळं जमिनीवर गुडघे मुडपून बसून होतं तिथं आखडलेला गुडघा म्हणजे माणूस माणसांतून उठणं. लवकर कळलं तर वाचवता येईल म्हणून त्यांना आत पाहायचं होतं. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ती दुर्बीण वर्षानुवर्षं घडवत नेली आणि १९६२ साली तिच्यातून पाहत एका मुलाच्या गुडघ्यातल्या, दोन हाडांमधल्या कूर्चेच्या गादीचा फाटलेला भाग काढला. त्या मुलाचा गुडघा बास्केटबॉल खेळताना दुखावला होता. त्याचंही वय १७.

ताकागींबद्दल वाचताना मला जयपूर फूट आठवलं. परदेशी बनावटीचे कृत्रिम पाय घालून आपल्या माणसांना उकिडवं बसता यायचं नाही, चिखलात उतरता यायचं नाही, बूट घातल्याशिवाय ते चालायचेच नाहीत. जेमतेम चौथीपर्यंत शिकलेले कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपुरात १९६८च्या सुमारास रबराचा पाय घडवला, अनवाणी चालता येईल असा, मांडी घालता येईल असा. मला या दोन शोधांचं मूळ एकच वाटतं. कुणीतरी जमिनीवर बसणाऱ्या माणसाकडे नीट पाहिलं, आणि तो खाली बसू शकत नाही याचं त्याला किती लागतं ते खरं मानलं.

खरी लढाई ऑपरेशननंतरची. नवा दोर सुरुवातीचे काही महिने उलट कमजोर होत जातो, त्याला नवा रक्तपुरवठा मिळेपर्यंत. नेमकं तेव्हाच पोरीला बरं वाटायला लागतं आणि ती पळायला मागते. नऊ महिने मैदान नाही, हे ऐकून मात्र मनू रडली. रोज संध्याकाळी फिजिओथेरपीला जायचं. तिथला मुलगा तिशीतला, चेहऱ्यानं शांत, सगळ्या पेशंटांना अहो-जाहो करणारा. घोट्याला वजनाची पट्टी बांधून सांगायचा, "दहा-दहाचे तीन." मांडी वितळून गेली होती तिची, उजवी डावीच्या पाऊण. पहिल्या दिवशी अर्धा किलो उचलताना तिच्या कपाळावर घाम आला. या पोरीनं सूर मारून अंगाएवढ्या पोरी टिपल्या आहेत. तिचा तो घाम बघवेना, म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.

दहा-दहाचे तीन, हेही कुणीतरी शोधलेलं आहे. थॉमस डीलॉर्म, अमेरिकन सैन्यातले डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात दुखावलेल्या गुडघ्यांचे जवान महिनोन्‌महिने पडून असायचे, हलक्या हालचाली करत, आणि मांड्या काही भरायच्या नाहीत. डीलॉर्म लहानपणी संधिवाताच्या तापानं अंथरुणाला खिळले होते आणि वजनं उचलून उठले होते. आजाऱ्यानं जड उचलू नये असं सगळे म्हणत असताना त्यांनी जवानांच्या पायांत लोखंडी बूट बांधले, त्यावर वजनाच्या चकत्या, आणि जमेल तसं वजन वाढवत नेलं. १९४५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आधी ते सात ते दहा सेट सांगायचे, १९४८पर्यंत तीनवर आले. आजही गावोगावच्या व्यायामशाळांत दहा-दहाचे तीन मोजले जातात. स्वतःच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाचा शोध आहे तो, आणि मला वाटतं तो तसाच असायला हवा होता.

मनूच्या मैदानावर मी अधूनमधून जाते. काही पोरींच्या गुडघ्यांवर निळ्या-गुलाबी टेप चिकटवलेल्या असतात. जपानच्या केंझो कासे यांनी सत्तरच्या दशकात काढलेली ती पट्टी, २००८च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर सगळीकडे दिसू लागली. तिचा दिलासा मोठा आणि पुरावा तोकडा, असं माझं वाचून झालेलं मत आहे. पोरींना मी ते सांगत नाही. सरांना मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. मुलींमध्ये हा बंध तुटण्याचा धोका मुलांच्या दुपटीहून जास्त, आणि तो कमी करायला साहित्य लागत नाही. फिफानं काढलेला वीस मिनिटांचा सराव आहे: उडी मारून उतरताना गुडघे आत पडू न देणं, एका पायावर तोल, मांडीमागच्या स्नायूंची ताकद. २००८ साली नॉर्वेतल्या जवळपास १,९०० फुटबॉलपटू मुलींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दुखापती साधारण एकतृतीयांशानं कमी झाल्या होत्या. सरांनी आधी मैदानाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. सामने तोंडावर होते. पण दुसऱ्या आठवड्यात गेले तर चोवीस पोरी एका ओळीत उड्या मारत होत्या आणि सर ओरडत होते, "गुडघे बाहेर, गुडघे बाहेर!" मी फाटकाशीच थांबले. आत जाऊन बोलायला मला जमलं नसतं.

आणि परवाची गोष्ट. मनूचे सेट चालले होते, मी बाकावरून उठताना डाव्या गुडघ्यावर हात ठेवून उठले, माझी जुनी सवय. फिजिओच्या ते लक्षात आलं. "काकू, काय होतं?" मी म्हटलं, "काही नाही, नाजूक आहे जरा." तो म्हणाला, "झोपा पाहू इथं." मी नको नको म्हणत झोपले. छताचा पंखा, बाजूला मनू पट्टी बांधलेला पाय वर धरून थांबलेली. त्यानं एका हातानं मांडी धरली, दुसऱ्यानं नडगी, आणि ओढली. नडगी पुढे आली. कुठंच अडली नाही. मला स्वतःला ते आतून जाणवलं, एखादं दार चौकटीतून सुटावं तसं. त्यानं दुसरा पाय पाहिला, पुन्हा हा पाहिला. मग हात काढून घेत म्हणाला, "काकू, हे कधीचं तुटलेलं आहे?"

मला बोलता येईना. मनूनं पाय खाली ठेवला. घोट्याचं वजन फरशीवर वाजलं.

रात्री तिनं माळ्यावरून आप्पांची पत्र्याची पेटी काढायला लावली. त्यात माझी शाळेची प्रमाणपत्रं, एक फाटका संघाचा फोटो, आणि खाकी पाकिटात ती फिल्म होती. कडा पिवळ्या, एका कोपऱ्याला वाळवीनं चाटलेली. सकाळी ऊन आलं तेव्हा तिनं ती खिडकीच्या काचेला चिकटपट्टीनं लावली आणि शेजारी स्वतःची. तिच्या फिल्मवर गुडघ्याचे कापलेले चौकोनच चौकोन, करडे, भरलेले. माझ्या फिल्मवर दोन पांढरी हाडं, गुळगुळीत, देखणी, आणि त्यांच्यामध्ये काळी फट. ऊन त्या फटीतून जाताना जरा निळसर दिसत होतं. मनू बराच वेळ पाहत राहिली. मग पुढे झाली आणि त्या काळ्या जागेवर बोट टेकवलं.

"इथं ना आई?"

"थोडं आत," मी म्हटलं.